मुक्त सॉफ्टवेअरसाठी पुरस्कार ठेवायचा असेल तर

गोव्यात, फोंड्यात २० वर्षं मी दुकानांचे, कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारं सॉफ्टवेअर, व्यापाऱ्याला भाषणाने पटत नाही, शेजाऱ्याचं काम त्यावर चाललेलं बघितलं की पटतं. म्हणून व्यापारी संघटनांनी त्यासाठी दर वर्षी पुरस्कार ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

अर्ज एका पानाचा, मराठीत आणि कोंकणीत ठेवा. किती कॉम्प्युटर, त्यांवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली), लिब्रेऑफिस (पत्रं, तक्ते यांसाठी), ईआरपीनेक्स्ट (हिशेब, साठा यांसाठी) यांपैकी काय चालतं, कधीपासून, आणि बदलताना काय अडलं. आधी काय वापरत होता, हे मात्र विचारू नका. चोरीची कॉपी वापरलेला माणूस तो प्रश्न बघूनच अर्ज बाजूला ठेवतो, आणि आपल्याला तर तोच हवा आहे.

‘काय अडलं’ हा रकाना नीट वाचा. कुंडईच्या एका कारखान्यात आम्ही लिनक्स घातलं आणि जुनी मराठी पत्रं उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. पत्रं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठी सारखीच दिसावी म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि नव्या मशीनवर तो फॉन्टच नव्हता. हिशेब बघणाऱ्या बाईंनी तो घालून घेतला, रोजच्या वापरातली पत्रं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली, बाकीच्यांची पीडीएफ काढली. तीन दुपारी त्यात गेल्या. पुरस्कारावर आधी अशा माणसाचं नाव घाला, मग मालकाचं.

परीक्षकांत एक अकाउंटंट आणि एक दुरुस्तीवाला हवाच. मुक्त सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपनीचे पैसे घेऊ नका, निकालावर कोणी विश्वास ठेवणार नाही. परीक्षकांनी जागेवर जावं. कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवायला लावावा, मग गेल्या वर्षाची विक्री सीएसव्हीत, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, काढायला सांगावी. डेटा खरोखर मालकाच्या हातात आहे का, ते तिथेच कळतं. कोणी सॉफ्टवेअरमधला बग (चूक) ते बनवणाऱ्यांना कळवला असेल, मराठी भाषांतराला हात लावला असेल, तर त्याचे वेगळे गुण द्या. लिब्रेऑफिस २०१० पासून अशा हातभारावरही उभं आहे.

भेटी जूनमध्ये ठेवा. हॉटेलवाले तेव्हा मोकळे असतात. जुलैत अकाउंटंट रिटर्नमध्ये बुडालेला असतो. समारंभ गणेश चवथीआधी उरका.

बक्षीस म्हणून वर्षभराच्या देखभालीचे पैसे स्थानिक तंत्रज्ञाला द्या. अट एकच: विजेत्याने एक सकाळ आपलं ऑफिस इतरांना उघडं ठेवायचं. चहा संघटनेचा. पुढच्या वर्षीचे अर्ज तिथेच वाटा.