सणासुदीत गावी जाताना लाँग रन कुठे बसवायचा?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी नेमकी गणपती ते दिवाळीच्या धामधुमीत येते. त्यामुळे लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं, रविवारशीच बांधून ठेवू नका. गावी निघण्याच्या आदल्या दिवशी पहाटेच उरकून टाका. रात्रभर एसटीत आखडलेल्या पायांना सकाळी लगेच वेगाचा सराव मुळीच देऊ नये. अर्धा तास चालणं किंवा अगदी सावकाश धावणं पुरे.

गावात किलोमीटर मोजत बसण्यापेक्षा घड्याळ लावा: वीस मिनिटं सरळ जायचं, त्याच रस्त्याने परत यायचं. वाट चुकण्याचा प्रश्नच येत नाही आणि घरच्यांनाही तुम्ही कधी परतणार ते नक्की सांगता येतं. (आजीला हे सांगून जाणं फार महत्त्वाचं!) कोकणातल्या चढांवर वेग पडतो, तो खुशाल पडू द्या. ती मेहनत शर्यतीत पेडर रोडच्या चढावर कामी येते, म्हणून मला तरी गावचे रस्ते सपाट ट्रॅकपेक्षा जास्त आवडतात.

फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने धावा. फराळ धावून आल्यावर.