ट्रेलर जोडल्यावरच येणारी थरथर : निदान शिकणाऱ्यांसाठी काही अनुभव

रिकामा असताना सुतासारखा सरळ चालणारा डिझेल ट्रक ट्रेलर जोडताच थरथरू लागला, तर शिकाऊ माणसाचा संशय जवळजवळ नेहमीच गिअरबॉक्सवर जातो. तो संशय कधीकधी खराही ठरतो, परंतु तपासणीपूर्वीच गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की थांबा, कारण या तक्रारीत सर्वांत महाग भाग सर्वांत आधी उघडला जातो आणि खरा दोष जागच्या जागी राहतो.

पहिला प्रश्न असा विचारावा की थरथर नेमकी केव्हा येते. उभ्या स्थितीतून गाडी उचलताना येऊन वेग वाढताच ती विरते, की मध्यम वेगाने, हलका पाय ठेवून, लांब चढावर चालताना येते? पहिल्या प्रकारात प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची फिरती ताकद मागच्या ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचे) कोन, त्याला मध्ये आधार देणारे सेंटर बेअरिंग, इंजिनची फाउंडेशन रबरे आणि हाताने बदलायच्या गिअरच्या गाडीत क्लच हे संशयित असतात. दुसऱ्या प्रकारात, गाडी ऑटोमॅटिक असेल तर, टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) लॉक-अप क्लचचा, म्हणजे तेलाला वगळून दोघांना थेट जोडणाऱ्या क्लचचा, विचार आधी करावा. थरथर केवळ गाडीच्या वेगाशी बांधलेली असेल आणि ट्रेलर सोडल्यावरही तशीच राहत असेल, तर चाके आणि टायर तपासून मोकळे व्हावे.

आता ज्या सापळ्याने मला सर्वाधिक काळ अडकवून ठेवले, त्याविषयी सविस्तर लिहितो. ट्रेलर ट्रकवर दोन वेगवेगळे परिणाम करतो, आणि आपण त्यांतला एकच लक्षात घेतो. ओढायचे वजन वाढल्यामुळे टॉर्क वाढतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ट्रेलरच्या दांडीचा भारही ट्रकच्या मागच्या टोकावर येतो. गोळ्याच्या हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर) हा भार सर्वसाधारणपणे ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात, म्हणजे ३००० किलोच्या ट्रेलरसाठी ३०० ते ४५० किलो. हिच मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे असल्यामुळे ॲक्सलवर त्याहून अधिक भार पडतो, स्प्रिंगचे पाटे दबतात, मागची बाजू खाली बसते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटांचे कोन बदलतात. एका साध्या युनिव्हर्सल जॉइंटमधून (दोन शाफ्ट कोनात जोडणाऱ्या सांध्यातून) कोनात फिरणाऱ्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. कोन ३ अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना साधारण ०.१४ टक्के असतो, पण ६ अंशांना तो ०.५५ टक्क्यांवर जातो, म्हणजे कोन दुप्पट झाला की चढउतार चौपट होतो. दोन्ही टोकांचे कोन समान आणि योक (जॉइंटचे दुबेळके तुकडे) योग्य जुळणीत असतील तर हे चढउतार एकमेकांना रद्द करतात. मागची बाजू बसली आणि त्यात जोर लावताना पिनियनचे (ॲक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचे) तोंड वर उचलले गेले की ही समानता मोडते.

म्हणून हे दोन परिणाम वेगळे करून पाहावेत. ट्रेलर सोडून ट्रकच्या मागच्या भागात, परवानगीच्या मर्यादेत, इतके वजन ठेवावे की मागची उंची ट्रेलर जोडल्यावर होती तेवढीच येईल, आणि मग गाडी अगदी हळुवारपणे उचलावी. टॉर्क कमी असूनही थरथर आली, तर संशय कोनांकडे झुकतो. उलट, वजन न ठेवता उंची मूळची राखून चढावर भरपूर जोर लावल्यावर ती आली, तर इंजिन, क्लच किंवा कन्व्हर्टरकडे वळावे. कोन मोजायचे ते चाके जमिनीवर असताना आणि भार असताना. लिफ्टवर ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेले माप या तक्रारीत निरुपयोगी असते, ही गोष्ट मला कोणी सुरुवातीलाच सांगायला हवी होती. चाकांना अडण लावल्याशिवाय मात्र गाडीखाली जाऊ नये.

ब्रेकची चाचणी अनेकांना माहीत असते: थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचा दिवा लागेल एवढाच ब्रेक दाबला की लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली म्हणून कन्व्हर्टरला दोषी ठरवणे घाईचे आहे, कारण लॉक-अप सुटल्यावर इंजिनाचे मिसिंगही (एखाद्या सिलिंडरचे ज्वलन नीट न होणेही) कन्व्हर्टरमधल्या तेलात बरेचसे विरून जाते. स्कॅनरवर इंजिनचे फेरे आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या चक्राचे) फेरे शेजारी ठेवून पाहावे. लॉक-अप लागलेला असताना त्यांतले अंतर खालीवर उड्या मारत असेल तर लॉक-अप क्लच किंवा गिअरबॉक्सचे तेल, आणि ते स्थिर असून इंजिनच धक्के देत असेल तर इंजेक्टरांचे संतुलन आणि त्यांतून परत येणारे (रिटर्नचे) डिझेल तपासावे.

कंपनसंख्येवर विसंबणाऱ्यांनी एक योगायोग लक्षात ठेवावा. थेट गिअरमध्ये (इंजिन आणि शाफ्टचे फेरे सारखे असणाऱ्या गिअरमध्ये) मिनिटाला २००० फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनाचे ज्वलन सेकंदाला सुमारे ६७ वेळा होते, आणि जॉइंटचे दोनदा-प्रतिफेरी कंपनही नेमके तेवढेच असते. त्याच वेगाने वेगळा गिअर घेतला की इंजिनचे फेरे बदलतात, शाफ्टचे बदलत नाहीत, आणि कोण बोलतो आहे ते कळते.

गिअरबॉक्सच्या तेलात मिसळायच्या औषधी बाटल्यांविषयी माझे मत ठाम आहे: निदानाआधी त्या वापरू नयेत. घर्षण बदलून त्या लक्षण काही काळ झाकतात आणि तुमचा पुरावा हिरावून घेतात. उस्ताद निवडतानाही, केवळ आवाज ऐकून निकाल देणाऱ्यापेक्षा गाडी केव्हा, कोणत्या गिअरमध्ये, कोणत्या भारावर थरथरते हे विचारणाऱ्याकडे राहावे. सुरुवातीला हे सारे गोंधळाचे वाटेल आणि त्यात तुमची कुवत कमी आहे असे मुळीच नाही, कारण ही तक्रार अनुभवी लोकांनाही चकवते.

दुरुस्तीनंतरची चाचणी त्याच ट्रेलरसह, तेवढ्याच वजनाने आणि त्याच चढावर, तेल पुरेसे गरम झाल्यावर घ्यावी. रिकामी गाडी आवारात फिरवून मालकाच्या हाती किल्ली देऊ नये.