ऑटोपायलट बोट उलटी वळवतोय? या चुका टाळा

पावसाळा संपून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की माझा फोन वाजायला लागतो. "नवीन ऑटोपायलट (बोट आपोआप ठरल्या दिशेवर ठेवणारं यंत्र) बसवला, पण ऑटो दाबलं की सुकाणू एका बाजूला जाऊन अडकतंय. तारा उलट्या लागल्यात का?" हो, लागल्यात. पण कुठल्या, हे मी विचारेपर्यंत समोरच्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला असतो.

उलटं होऊ शकतं अशा मुख्य जागा दोन: सुकाणू फिरवणाऱ्या पंपाच्या मोटरच्या तारा आणि सुकाणूचा कोन सांगणारा सेन्सर. यातलं एकच उलटं असेल, तर पायलट पाच अंश मागतो, सेन्सर भलतीकडचा आकडा देतो, मग पायलट आणखी जोर लावतो आणि सुकाणू थेट टोकाला जाऊन आदळतं. बिघाड वाईट, पण प्रामाणिक. जेट्टीवरच कळतो. अंदाजाने चुकीची जोडी बदललीत, की दोन्ही उलटे होतात. मग सुकाणू हवं तेवढंच फिरतं, नीट थांबतं, सुकाणूचा कोन दाखवणारी स्क्रीनवरची पट्टीही शहाण्यासारखी सरकते. फक्त प्रत्यक्षात सगळं विरुद्ध बाजूला. बांधलेली बोट वळत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

हे मला माझ्याच चुकीने शिकवलंय. मुंबई बंदरात एका बोटीवर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) पंप बसवला होता. अशा बोटीत पायलट सुकाणू फिरवतो तेव्हा हाताने चालवायचं चक्र जागचं हलत नाही, म्हणून सुकाणू बघायला मदतनिसाला मागच्या लॉकरमध्ये उतरवलं. मी +१० (म्हणजे दहा अंश उजवीकडे) दाबलं. स्क्रीनवरची पट्टी डावीकडे धावली, खालून आवाज आला, "उजवीकडे गेलं!" मी म्हटलं, सेन्सर खोटं बोलतोय. सेन्सरची लाल आणि हिरवी तार आपसात बदलली, पुन्हा +१० दाबलं. पट्टी उजवीकडे गेली, खालून पुन्हा "उजवीकडे, आणि थांबलं!" झालं, मी हात पुसले.

दुसऱ्या दिवशी मांडव्याच्या वाटेवर ऑटो दाबलं. लाटेने नाक थोडं उजवीकडे गेलं, आणि पायलटने ते सावरायच्या ऐवजी आणखी उजवीकडे नेलं. पट्टी मात्र डावीकडे दाखवत होती! बोट गोल फिरली, मालकांचा चहा माझ्या पाठीवर, समोर डोल जाळ्यांचे खांब. स्टँडबाय (पायलट सोडून बोट हाताने चालवायचं बटण) दाबून चक्र हातात घेतलं तेव्हा कुठे डोकं चाललं. पोरगं लॉकरमध्ये मागे तोंड करून बसलं होतं. त्याची उजवी म्हणजे बोटीची डावी. सेन्सर बरोबरच होता, मोटर उलटी होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तेव्हापासून माझ्या कामात उजवं-डावं हे शब्द बंद. लॉकरमध्ये स्टारबोर्डच्या (पुढे तोंड केल्यावर बोटीच्या उजव्या) बाजूला हिरवी टेप, पोर्टच्या (डाव्या) बाजूला लाल, बोटीच्या दिव्यांसारखीच. खालच्या माणसाने फक्त "हिरवं" किंवा "लाल" ओरडायचं. (सेन्सरच्या लाल-हिरव्या तारांचा याच्याशी संबंध नाही, गल्लत करू नका. ती गल्लत करणाराही मला भेटलाय.) आणखी एक: सुकाणूच्या दांड्याचा आर्म पुढच्या बाजूला निघत असेल, तर तो सुकाणूच्या पाण्यातल्या पातीच्या उलट सरकतो. आधी पात कुठे वळते ते ठरवा, मग आर्मकडे बघा.

क्रम माझा ठरलेला आहे. पायलट स्टँडबायवर ठेवून चक्र हाताने स्टारबोर्डला फिरवायचं. पट्टी पोर्टला गेली, तर सेन्सरच्या टोकाच्या दोन तारा बदलायच्या. रेमरीन कंपनीच्या सेन्सरला त्या लाल आणि हिरवी. पट्टी बरोबर असेल, तर सेन्सरला पुन्हा हात लावायचा नाही, कोणी काहीही ओरडो. मग ऑटो, +१०. सुकाणू हिरव्याकडे जाऊन थांबलं तर उत्तम. लाल टोकाला गेलं, तर ब्रेकर बंद करून मोटरच्या दोन तारा बदला. तार काढण्याआधी मोबाइलने फोटो. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याला राहत नाही, मलाही नाही.

सेटअपमध्ये पायलट विचारतो, "सुकाणू स्टारबोर्डला गेलं का?" केबिनमध्ये बसून, न बघता "हो" दाबणाऱ्यांना मी काय सांगू? हप्ता भरताना अटी न वाचणारी हीच माणसं.

बाकीचं थोडक्यात. टिलर पायलट (चक्राऐवजी सुकाणूच्या हातदांड्याला जोडायचा पायलट) सहसा स्टारबोर्डला बसवायचा असतो. तुम्ही पोर्टला बसवला, तर दिशा उलटण्याचं सेटिंग करावंच लागतं. होकायंत्राचा सेन्सर उताणा बसवलात, तर स्टारबोर्डला वळताना अंश वाढायच्या ऐवजी कमी होतात, आणि तारा बदलत बसलात तरी रोग तिथेच राहतो. होकायंत्राशेजारी स्पीकर नको. सुकाणूच्या सेन्सरच्या दांडीचा स्क्रू ढिला नको. बोट नागमोडी चालत असेल, तर तो वेगळा आजार आहे, त्यासाठी मोटरच्या तारांना हात लावू नका.

पहिली चाचणी मोकळ्या पाण्यात, इंजिन हळू ठेवून, हाताचं एक बोट स्टँडबायवर. आणि चहा नंतर.