जुन्या मस्टँगचा मागचा ॲक्सल सरळ बसवताना या चुका टाळा

१९६५ ते १९७० या वर्षांतल्या फोर्ड मस्टँगचा मागचा ॲक्सल दोन पाट्यांवर, म्हणजे आपल्याकडच्या ट्रकला असतात तशाच लीफ स्प्रिंगवर बसलेला असतो, आणि तो पुढे-मागे सरकवण्यासाठी कारखान्याने कोणताही स्क्रू किंवा पत्ती दिलेली नाही. असा ॲक्सल तिरका झाला असेल तर काहीतरी सरकले आहे, झिजले आहे, गंजले आहे किंवा वाकले आहे. ते शोधण्याआधीच ॲक्सल ‘ॲडजस्ट’ करू पाहणे हीच सगळ्यात मोठी चूक आहे आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका तिच्यातूनच जन्मतात.

रस्ता सरळ असताना स्टिअरिंग वाकडे धरावे लागते आणि मागून येणाऱ्याला गाडी खेकड्यासारखी तिरकी चाललेली दिसते, ही या दोषाची खूण. अशा वेळी केवळ पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून घेतले जाते. माझ्या १९६६ च्या गाडीचे असे अलाइनमेंट एका गॅरेजने दोनदा केले. दोन्ही वेळा कागदावरचे आकडे बरोबर होते आणि दोन्ही वेळा स्टिअरिंग वाकडेच राहिले, कारण मागच्या चाकांची दिशा कोणी मोजलीच नव्हती. ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या बाजूत पुढे-मागे ६ मिलीमीटरचा फरक पडला, तर चाकांमधले अंतर सुमारे १४२० मिलीमीटर असलेल्या या ॲक्सलची दिशा जवळपास पाव अंशाने फिरते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, १०८ इंच (२७४३ मिलीमीटर) असल्यामुळे ती दिशारेषा पुढच्या चाकांपाशी मध्यापासून साडेअकरा मिलीमीटर बाजूला जाते.

मोजमाप कुठून घ्यायचे, इथे बहुतेकांची फसगत होते. फेंडर आणि चाकावरच्या पत्र्याची कड हे संदर्भबिंदू नव्हेत, कारण पन्नास-साठ वर्षांत ते पत्रे किती वेळा बदलले गेले हे कोणालाच ठाऊक नसते. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजणेही एकटे पुरेसे नाही. पुढच्या खालच्या आर्मला धरणाऱ्या स्ट्रट रॉड या दांड्याचा बुश, म्हणजे जोडातले रबरी कडे, गेला असेल तर पुढचे चाकच मागे-पुढे सरकलेले असते आणि दोष मात्र मागच्या ॲक्सलवर ढकलला जातो. म्हणून गाडी सपाट फरशीवर स्वतःच्या चाकांवर उभी करावी, पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या (टोकाच्या गोल वळणातल्या) बोल्टपासून ॲक्सलच्या नळीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे, आणि मग बॉडीच्या तळातल्या मूळ छिद्रांपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा कराव्यात. गाडी बाजूला ढकलून त्या खुणांमधले कर्ण ताडून पाहिले की पाटा सरकला आहे की पाट्याचा पुढचा आधारच चुकीच्या जागी आहे, हे कळते. हा दुसरा प्रकार ईशान्य अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये विशेष तपासावा, कारण तिथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाने मागचे रेल (बॉडीखालच्या लांब तुळया) खाल्ले जातात आणि नवा तुकडा वेल्ड करताना छिद्र काही मिलीमीटर इकडेतिकडे होते. (चासी क्रमांकातले दुसरे अक्षर ‘टी’ असेल तर ती गाडी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, म्हणजे आज मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या गावातल्या मेटचन कारखान्यात बनलेली आहे.)

पुढच्या डोळ्यापासूनची अंतरे जुळत नसतील तर प्रथम सेंटर बोल्ट पाहावा. पाट्यांच्या मधून जाणाऱ्या या बोल्टचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या छिद्रात बसते आणि ॲक्सलची जागा ठरवते, पण ॲक्सल धरून ठेवण्याचे काम त्याचे नाही. ते यू-बोल्टच्या, म्हणजे ॲक्सल आणि पाटा एकत्र आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टच्या, दाबाचे आहे. यू-बोल्ट सैल पडले की इंजिनाचा सगळा जोर त्या लहानशा डोक्यावर येतो, ते कापले जाते किंवा बैठकीचे छिद्र लांबट होते. अशा वेळी नुसता नवा सेंटर बोल्ट टाकणे व्यर्थ आहे, आणि ॲक्सल हवा तसा सरकवता यावा म्हणून छिद्र कानशीने आणखी वाढवणे तर धोक्याचे आहे. छिद्र बुजवून मूळ मापाचे करावे, ताणले गेलेले जुने यू-बोल्ट पुन्हा न वापरता नवे घ्यावेत, चारही नट आळीपाळीने कर्णात आवळावेत आणि काही दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा तपासावेत.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून, ॲक्सल लोंबकळत असताना पाट्यांचे बोल्ट पूर्ण आवळणे ही तितकीच सर्रास होणारी चूक आहे. पुढच्या डोळ्यातला रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीत पकडला जातो, गाडी खाली उतरताच पिळला जातो आणि लवकर फाटतो. शेवटचे आवळणे चाकांवर वजन आल्यानंतरच करावे.

मागची उंची बदलण्यासाठी लांब शॅकल (पाट्याचे मागचे टोक बॉडीला जोडणाऱ्या पट्ट्या) किंवा पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे लावणाऱ्यांनी पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमध्ये इंजिनाचा जोर घेणाऱ्या पुढच्या दातेरी दांड्याचा, कोन विसरू नये. गिअरबॉक्सचा जोर पिनियनपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसवरचे (टोकांच्या लवचिक सांध्यांवरचे) कोन एकमेकांना सारखे आणि उलटे असले तरच एकाने निर्माण केलेली गतीची चढउतार दुसरा मिटवतो. नाहीतर वेगाबरोबर वाढणारी थरथर येते, जिला लोक टायरचे बॅलन्सिंग समजून बसतात. लीफ स्प्रिंगच्या गाडीत जोर लावताच पिनियनचे नाक वर उठते, त्यामुळे उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवतात. हा कोन बदलायला पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पाचर घालायची असेल तर, या गाडीत पाटा ॲक्सलच्या खाली असल्याने, तिची जाड बाजू मागे केली की नाक खाली जाते. नवी बैठक वेल्ड करायची असल्यास आधी फक्त टाके मारून गाडीच्या वजनावर कोन पाहावा, आणि पूर्ण वेल्ड थांबत थांबत करावे, कारण उष्णतेने ॲक्सलची नळीच वाकते.

नळी वाकली आहे की रिम, हे ओळखणे सोपे आहे. मागच्या दोन टायरांमधले अंतर त्यांच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला मोजून चाक अर्धा फेरा फिरवावे आणि पुन्हा मोजावे: फरक चाकाबरोबर फिरला तर दोष रिमचा किंवा ॲक्सल शाफ्टचा, आणि तो जागच्या जागी राहिला तर नळीचा.