कन्व्हर्टिबलची मागची काच : नवख्यांनी वेळेचा हिशेब आधी शिकावा

विंडशील्ड कापून काढणे, कडा स्वच्छ करणे, प्रायमर (पकड वाढवणारा पहिला लेप) लावून युरेथेन या चिकटद्रव्याची सलग बीड, म्हणजे जाड रेघ, ओढणे आणि सक्शन कपने काच जागेवर टेकवणे, एवढे काम तुम्हाला येते असे मी गृहीत धरते. मलाही ते येत होते, आणि तेवढ्याच भरवशावर मी एका महागड्या दोन आसनी कन्व्हर्टिबलची, म्हणजे छत उघडता येणाऱ्या गाडीची, मागची काच मालकाच्या गॅरेजमध्ये जाऊन बदलण्याचे काम एकटीने घेतले. त्या कामात माझा हात कुठेही चुकला नाही. चुकला तो वेळेचा हिशेब, आणि त्याची किंमत मी एका अख्ख्या छताच्या कापडाने मोजली. या कामात नव्याने उतरणाऱ्यांपैकी बहुतेकजण त्याच जागी अडखळतात, म्हणून तो भाग मी जरा जास्तच सविस्तर लिहिणार आहे.

फोनवर काम घेतानाच छत कशाचे आहे हे विचारून घ्या. छत पत्र्याचे, घडी होणारे असेल, म्हणजे १९९६ सालच्या मर्सिडीज एसएलकेपासून जे रूढ झाले तसे, तर तिथली काच कडक चौकटीला चिकटलेली असते आणि तुमचे विंडशील्डचे ज्ञान बऱ्याच अंशी कामी येते. काही मध्यभागी इंजिन असलेल्या गाड्यांमध्ये आसनांच्या मागे एक लहान उभी काच मोटरवर वरखाली होते. ते काम दाराच्या काचेच्या जातीचे आहे. जुन्या गाड्यांमध्ये तर काच नसतेच, पारदर्शक प्लास्टिक असते. १९८९ च्या पहिल्या माझदा एमएक्स-५ मध्ये ते चेनने (झिपने) जोडलेले होते आणि १९९८ च्या दुसऱ्या पिढीत त्याजागी काच आली. पोर्शे बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीला २००२ च्या मॉडेलपर्यंत प्लास्टिक होते आणि २००३ पासून काच मिळाली. प्लास्टिकचे काम शिवणकाम जाणणाऱ्याकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उरते ती कापडी छतात चिकटवलेली खरी काच, आणि खरी परीक्षा तिथेच आहे.

या कापडाला नुसते कापड समजू नका. वर ॲक्रिलिकचा विणलेला थर, मध्ये रबराचा थर आणि आत पुन्हा विणलेला थर, असे ते तीन पदरी असते. मधल्या रबरामुळे पाणी आत येत नाही, आणि याच रबरामुळे पुढे माझा घात झाला. कारखान्यात काच या कापडाला साच्यात धरून, दाबाखाली चिकटवली जाते. अनेक उत्पादक म्हणूनच काच सुटी देत नाहीत. काचेसह संपूर्ण छताचे आवरण देतात. सुटी काच मिळाली तरी तिच्या कडेची काळी छापील पट्टी मूळ काचेइतकीच रुंद आहे ना, हे मोजून पाहा. ती पट्टी शोभेसाठी नसते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून ती युरेथेनचे रक्षण करते. पट्टी अरुंद असेल तर ऊन काचेतून थेट जोडावर पडते आणि जोड हळूहळू सुटत जातो. कापडाची कड ओढून पाहिल्यावर रबराचा थर सुटा होत असेल किंवा धागे निघत असतील, तर काम नाकारा. नव्या माणसाला काम नाकारणे जड जाते, हे मी अनुभवाने सांगते, परंतु कुजलेल्या कडेवर जगातले कोणतेही चिकटद्रव्य टिकत नाही.

काच फुटलेली असेल तर ती टेम्पर केलेली (तापवून झटकन थंड करून कडक केलेली) असल्यामुळे हजारो बारीक खड्यांत विखुरलेली असते. सीटवरचे खडे कोणालाही दिसतात. जे दिसत नाहीत ते आतले अस्तर आणि वरचे कापड यांच्या मध्ये, तसेच छत घडी होऊन जिथे बसते त्या खोबणीत पडलेले असतात. ते निघेपर्यंत छताचे बटण दाबू नका, कारण घडीत अडकलेला एकच खडा कापडाला भोक पाडायला पुरेसा असतो. त्याच खोबणीच्या तळाशी पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे असतात. ती खड्यांनी आणि कचऱ्याने तुंबली तर पावसाचे पाणी आत साठते, आणि काही गाड्यांमध्ये हायड्रॉलिक पंप किंवा विजेची युनिट्स नेमकी तिथे सखल भागात बसवलेली असतात. मी व्हॅक्युम फिरवून झाल्यावर हातमोजा घालून प्रत्येक घडीत बोटे फिरवते आणि शेवटी प्रत्येक नळीत पेलाभर पाणी ओतून ते गाडीखाली पडताना पाहते. डिफॉगरच्या (काचेवरचे धुके घालवणाऱ्या तापत्या रेषांच्या) वायरी काढताना कनेक्टर सरळ ओढा, वाकवू नका. नव्या काचेवरच्या चांदीमिश्रित रेषांना आतून ब्लेड कधीही लावू नका.

छत पूर्ण बंद आणि लॉक असताना कापड ताणलेले असते. त्या स्थितीत काच चिकटवली तर ओले युरेथेन पहिल्या क्षणापासून ओढले जाते. म्हणून छत बंद असतानाच काचेच्या चारही बाजूंच्या जागा मास्किंग टेपवर खुणांनी नोंदवून घ्या आणि मग पुढची कड थोडी उचलून कापड सैल करा. छत अर्धवट उघडे ठेवायचे असेल तर त्याला भक्कम टेका द्या. हायड्रॉलिक छत मधल्या स्थितीत आपोआप धरून राहील असे समजू नका. काही वेळाने दाब सुटतो आणि छत खाली येते, आणि तुमचे हात किंवा मान त्याच वाटेवर असते. बॅटरीला चार्जर जोडलेला असू द्या, म्हणजे छत मध्येच थांबणार नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. त्या दिवशी सकाळी १० च्या सुमारास काच बसली. बीड सुरेख होती, खुणा जुळल्या होत्या, कुठेही सुरकुती नव्हती. मी वापरलेल्या युरेथेनच्या माहितीपत्रकावर गाडी १ तासानंतर चालवता येईल असे लिहिले होते. मी १ तासाच्या जागी ६ तास थांबले आणि स्वतःला सावध समजत होते. दुपारी ४ वाजता मालकांनी विचारले, "एकदा उघडून दाखवता का?" मी बटण दाबले. छत वर उचलले गेले, मधून वाकले, आणि काच उभी होत असताना पॅकिंगची टेप उपटल्यासारखा आवाज आला. वरच्या डाव्या कोपऱ्यात चार बोटे रुंद फट पडली होती. मी वाकून आत पाहिले. कडेचे एक-दोन मिलिमीटर युरेथेन रबरासारखे घट्ट झाले होते, आणि त्याच्या मागे ते सकाळी गनमधून निघाले तसेच, चकचकीत, काळे, बोट लावताच तार सोडणारे होते.

हे का झाले ते नीट समजून घ्या, कारण केवळ नियम पाठ करून इथे भागत नाही. एका घटकाचे युरेथेन वाऱ्याने सुकत नाही. ते हवेतली ओल शोषून घट्ट होते. म्हणजे ते बाहेरून आत पक्के होत जाते, आणि जो थर पक्का झाला त्याच्यातूनच पुढच्या ओलीला आत शिरावे लागते. सर्वसाधारणपणे २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला पहिल्या २४ तासांत सुमारे ३ ते ४ मिलिमीटर खोली पक्की होते. परंतु ६ मिलिमीटरला २ दिवस लागतात असे नाही. खोली दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट होतो. म्हणजे पहिल्या दिवशी ३ मिलिमीटर धरले तर ६ मिलिमीटरला ४ दिवस आणि ९ मिलिमीटरला ९ दिवस. माझी बीड दाबली जाऊन १६ मिलिमीटर रुंद झाली होती. तिच्या एका बाजूला काच होती, जिच्यातून ओल जात नाही, आणि दुसऱ्या बाजूला रबराचा थर असलेले कापड होते, ज्याच्यातून ओल जवळजवळ जात नाही. उरल्या फक्त दोन कडा. प्रत्येक कडेने ८ मिलिमीटर आत जायचे म्हटले तर सुमारे ७ दिवस लागतात, आणि मी ६ तासांत छत वाकवले होते.

मग पत्रकावरचा १ तास खोटा होता का? नव्हता. तो विंडशील्डसाठी होता, आणि त्याचा अर्थ युरेथेन पूर्ण पक्के झाले असा कधीच नव्हता. कडक पत्र्याच्या चौकटीत बसलेली काच अपघातातही जागेवर राहील इतकी ताकद आली, एवढाच होता. तिथे जोडावर येणारा भार सगळ्या बीडवर पसरतो. कापडी छत घडी होताना मात्र कापड काचेच्या कडेवरून उलटे वळते आणि सगळा भार एका बारीक रेषेवर, सोलण्याच्या दिशेने येतो. कोणतेही चिकटद्रव्य सरकवण्याला सहजी दाद देत नाही, सोलण्याला मात्र लगेच देते. पाकीट चिकटवून मधून ओढून पाहा आणि मग कोपऱ्यातून सोलून पाहा, हा फरक हाताला लगेच कळेल. गाडी चालवण्याची वेळ आणि छत घडी करण्याची वेळ या दोन अगदी वेगळ्या वेळा आहेत, आणि बहुतेक पत्रकांवर फक्त पहिली छापलेली असते. दुसरी तुम्हाला स्वतः काढावी लागते: बीड दाबल्यावर किती रुंद होईल ते मोजा, अर्धे करा, आणि वरचा हिशेब लावा. हवा थंड किंवा कोरडी असेल तर त्यात दिवस वाढवा. दोन घटक मिसळून वापरायचे युरेथेन हवेतल्या ओलीवर अवलंबून नसते आणि आतूनही एकदमच घट्ट होते. आज कापडी छतासाठी मी, ते कापडाला चालते याची उत्पादकाकडून खात्री करून, तेच पसंत करते, तरीही घाई करत नाही.

त्या दिवशी ओले युरेथेन कापडाच्या विणीत पसरले. विणीत शिरलेले युरेथेन निघत नाही. थिनरने पुसण्याचा मोह मला झाला होता. तो तुम्हालाही होईल, आणि तो टाळा, कारण थिनर डागाबरोबर रंग आणि मधले रबरही खातो. अखेर संपूर्ण आवरण माझ्या खर्चाने बदलावे लागले. मालक रागावले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांचा हात अत्यंत सफाईदार होता, परंतु का, हे त्यांनी कधी सांगितले नाही. "दुसऱ्या दिवशी उघडायचे," एवढेच ते म्हणत, आणि त्यांच्याकडे कापडी छते येतच नसत. माझे ठाम मत आहे की कारण न सांगणाऱ्या गुरूकडून हात शिकावा आणि कारणे पत्रकांतून, पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाला फोन करून, स्वतः शोधावीत. सोप्या वाटांबद्दल मी कठोर आहे. सुटलेल्या कडेत सिलिकॉन भरणे हे काम नव्हे. सिलिकॉनचा अंश जिथे राहतो तिथे नंतर युरेथेन धरत नाही आणि पुढच्या माणसाचे काम दुप्पट होते. झटपट चिकटणारा गोंद घट्ट होताना काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच घडीला तडकतो. आदल्या महिन्यात उघडलेली प्रायमरची बाटली हवेतली ओल खाऊन निकामी झालेली असते. ती वाचवण्यात काहीही वाचत नाही. हीट गनने युरेथेन लवकर पक्के होईल ही समजूतही सोडा, कारण कोरड्या उष्णतेने ओल आणखी कमी होते.

मालकाच्या जागी जाऊन काम करताना वर्कशॉपची हवा सोबत नेता येत नाही, म्हणून मी पृष्ठभागाचे तापमान मोजणारे थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र नेहमी जवळ ठेवते. उन्हात उभ्या गाडीचे काळे कापड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते आणि प्रायमर त्यावर नीट पसरण्याआधीच उडून जातो. पहाटे काचेवर न दिसणारे दव असते. जागा सपाट नसेल, वारा धूळ उडवत असेल आणि आडोसा मिळत नसेल, तर परत फिरून दुसरा दिवस घ्या. यात कमीपणा नाही. पहिली चार-पाच कामे तुम्हाला ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ घेतील, आणि ते अगदी ठीक आहे. या कामात हळू हाताने कोणाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही.

काच बसवून निघताना सगळ्यात अवघड भाग उरतो, तो म्हणजे गाडी मालकाच्या ताब्यात राहते आणि बटण त्यांच्या बोटाखाली असते. नुसते तोंडी सांगितलेले विसरले जाते. घरातल्या दुसऱ्याने गाडी काढली तर त्याला ते माहीतही नसते. म्हणून मी छताच्या बटणावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवते आणि त्यावर ठळक अक्षरांत छत उघडण्याची तारीख लिहिते. उरलेले युरेथेन मी एका काचेच्या तुकड्यावर कापडाच्या कातरणासह, त्याच रुंदीने दाबून ठेवते आणि तो नमुना गाडीशेजारीच ठेवून येते, म्हणजे त्याला तीच हवा मिळते. ठरलेल्या दिवशी मी स्वतः जाते, आधी तो नमुना मध्यावर कापते, आणि आत कुठेही चकाकी किंवा तार दिसली तर टेपवरची तारीख खोडून पुढची लिहिते. नमुना आरपार रबरासारखा निघाला तरच बटणावरची टेप काढते, मालकांना बटण धरायला सांगते आणि स्वतः मागे उभी राहून, छत वाकत असताना, वरच्या डाव्या कोपऱ्यावर नजर ठेवते.