स्वप्नाला पाठ नसते

शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला एक स्वप्न पुन्हापुन्हा पडायचं. गोदावरीला पूर आलाय आणि माझी आजी गळ्याएवढ्या पाण्यात निवांत बसलीय. डोक्यावर केसांच्या जागी वडाच्या पारंब्या, आणि त्या खाली न लोंबता वर आभाळाकडे चाललेल्या. जाग आल्या आल्या काढलेलं रेखाटन मी अजून जपून ठेवलंय. तेच शाडूत करायला घेतलं. समोरून अगदी मनासारखं उतरलं. मग स्टँड फिरवला आणि हात थांबला. आजीची पाठ मला स्वप्नात कधी दिसलीच नव्हती.

‘डोक्यातलं काहीतरी घडवायचंय’ म्हणत येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा हेच सांगते. स्वप्न एकाच बाजूने दिसतं. चित्रकाराचं तेवढ्यावर भागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अर्न्स्ट फुक्स आणि त्याच्या सोबत्यांनी स्वप्नं, पुराणं, बायबलमधले देवदूत रंगवले. त्यासाठी त्यांनी जुन्या उस्तादांची पद्धत उचलली: अंड्यातला बलक घालून केलेला रंग आणि त्यावर तैलरंगाचे पातळ थर. क्षणात दिसलेलं दृश्य इतक्या सावकाशीनं रंगवायचं, ही चिकाटी मात्र शिल्पकारानेही घ्यावी. आपल्याला शिवाय वजन आणि पाठ शोधावी लागते.

माझ्या सरांनी तेव्हा काही समजावलं नाही. ‘घाटावर जा आणि मारुतीला चक्कर मारून ये,’ एवढंच म्हणाले. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती नाशिककरांना पुराचं माप म्हणून ठाऊक आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की छातीला, यावरून पावसाळ्यात गावभर बोलणं होतं. लहानपणापासून पाहिलेला तो मारुती त्या दिवशी मी पहिल्यांदा शिल्प म्हणून पाहिला. मागे जावं तर तिथेही तोंडच. पाठीचा प्रश्न कुणीतरी असा सोडवला होता!

मग नाशिकजवळची पांडवलेणी. चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्यासमोर निदान एक तास बसा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिचा लेख याच लेण्यात आहे. बहुतेक जण तो बघून, दाराची नक्षी बघून निघतात. तुम्ही खाली बघा. ओसरीच्या तळाशी सहा धिप्पाड गण जमिनीतून अर्धे वर आलेत आणि अख्ख्या लेण्याचा भार खांद्यांवर घेऊन उभे आहेत. त्यांचा मागचा भाग डोंगरातच राहिलाय. डोंगर कुणीतरी उचलून धरलाय, ही कल्पना स्वप्नातलीच. पण ते खांदे पाहिले की खरी वाटते, कारण भार कुठून कुठे जातो हे त्या कारागिराला पक्कं माहीत होतं.

निसर्गातून देवता घडवायची असेल तर मृणालिनी मुखर्जी (1949–2015) यांची तागाची शिल्पं शोधून बघा. दोरखंडाला गाठी मारत त्यांनी माणसापेक्षा उंच आकृती उभ्या केल्या. ‘वनश्री’ बघताना ती वेल आहे, फूल आहे की देवी, हे ठरत नाही. ते सगळं गाठीतूनच येतं, वरून चिकटवलेलं काही नाही. पंख लावला, शिंगं लावली की काम गूढ होतं असं समजणाऱ्यांनी हे मुद्दाम बघावं.

माझी आजी मात्र एका रात्रीत कोसळली. पारंब्यांच्या ओढीत मी आतला लोखंडी सांगाडा नीट बांधला नव्हता, मातीला धरून ठेवायला तारेने टांगलेल्या लाकडी फुल्याही कमी पडल्या. सकाळी फरशीवर ढीग. दुसऱ्यांदा सुरू करण्याआधी मी आईला आजीच्या पाठीबद्दल विचारलं. ‘नेहमी डाव्या कमरेवर कळशी, त्यामुळे उजवीकडे कललेली असायची,’ ती म्हणाली. त्या कलण्यावर सगळं शिल्प उभं राहिलं. पारंब्याही मग त्याच बाजूला वळल्या.

म्हणून वही उशाशी ठेवा, पण रेखाटनावर थांबू नका. त्याच दिवशी वीतभर मातीचा नमुना करा, चारही बाजूंनी. दहांतले आठ मोडावे लागतील, मोडा.

शिक्षणाचं थोडक्यात: बारावीनंतर बी.एफ.ए.साठी, म्हणजे ललितकलेच्या पदवीसाठी, राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. पदविकेचा मार्गही आहे. पहिल्या वर्षात डोकं, हात, पाय यांचा अभ्यास कंटाळवाणा वाटेल. तो टाळू नका, कललेली पाठ मला त्याच अभ्यासामुळे करता आली.

पोटापाण्याचं खरं सांगायचं तर सुरुवातीची वर्षं गणपती आणि व्यक्तिशिल्पांवर निघतात. सार्वजनिक पुतळ्याचं काम मिळालं तर मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते, तो वेळ धरूनच तारीख द्या. यात कमीपणा काही नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा जमवताना नजर तयार होते.

आणि फायबरचं कास्टिंग करताना एक गोष्ट कधीही विसरू नका. रेझिन, म्हणजे पातळ राळ, घट्ट करणारा हार्डनर आणि ते काम लवकर व्हावं म्हणून घालायचं कोबाल्ट थेट एकत्र करायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. मास्क लावून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून.