पंपाच्या बेअरिंग हाउसिंगचे तोंड घरच्या लेथवर घेण्यापूर्वीची तयारी

केळीच्या मळ्यातल्या विहिरीवरचा पंप बेअरिंग बदलूनही पुन्हा घरघरू लागला, तर हाउसिंगचे (बेअरिंग ज्यात बसते त्या घराचे) तोंड त्याच्या भोकाशी काटकोनात आहे की नाही, हे आधी पाहावे. भोकच लंबगोल झाले असेल किंवा बेअरिंग आत फिरून ते झिजले असेल, तर तोंड घेण्यात, म्हणजे ते लेथवर तासून सपाट करण्यात, अर्थ नाही. असे हाउसिंग बुश (झिजलेल्या भोकात घालायची नळी) बसवण्यासाठी भुसावळ-जळगावच्या एखाद्या जाणत्या टर्नरकडे द्यावे.

भोकातला गंज व जुने ग्रीस काढून कडेवरचे उंचवटे बारीक कानशीने घासावेत. धरण्यासाठी चकमध्ये लोखंडी तुकडा बांधून त्यावरच भोकाच्या मापाचा मँड्रेल (हाउसिंग ज्यावर चढवायचे तो दांडा) तासावा, आणि काम संपेपर्यंत तो चकमधून सोडू नये. एकदा सोडून पुन्हा बांधला की त्याचा मध्य बदलतो आणि आधीची मेहनत वाया जाते. हाउसिंग चढवल्यावर 0.01 मिमीच्या डायल गेजने भोकाच्या मोकळ्या भागात आउट, म्हणजे फिरताना भोक किती डुलते ते, पाहावा. चक एक फेरा फिरवल्यावर काटा 0.02 मिमी हलला, तर मध्य त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे 0.01 मिमीने सरकलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

लेथची स्वतःची चूकही तपासून घ्यावी. एका गोल तुकड्याचे तोंड घेऊन क्रॉस स्लाइडवर (टूल आडवे सरकवणाऱ्या भागावर) लावलेला गेज त्याच बाजूने फिरवला, तर काटा स्थिर राहणारच, कारण टूलही त्याच वाटेने गेले होते. खरी परीक्षा मध्याच्या पलीकडे गेज नेल्यावर होते, आणि तिथे चूक दुप्पट दिसते. तोंड मध्याकडे किंचित खोलगट येणे चालते, कारण मग ते कडेवर टेकते. फुगीर येणे मात्र चालत नाही.

उन्हाळ्यात माप घेण्याच्या वेळेलाही महत्त्व आहे. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) 90 मिमी भोकात, म्हणजे 6308 बेअरिंग बसते तेवढ्यात, वीस अंशांच्या फरकाने सुमारे 0.02 मिमी वाढ होते, आणि एच7 बसणीची (भोकाच्या मापाच्या एका ठरलेल्या दर्जाची) सारी सवलत 0.035 मिमी असते. म्हणून बेअरिंग, हाउसिंग व मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून पहाटेच मोजावे. अंगणात तापलेले हाउसिंग आणि फडताळातले गार बेअरिंग यांची मापे जुळवू नयेत.

टूलला धार लावून त्याचे टोक बरोबर सेंटरच्या उंचीवर आणावे. बीड कोरडेच कापावे, तोंडावर मास्क बांधावा, सैल बाह्या वर कराव्यात व चकची चावी काढूनच बटण दाबावे. खांद्याचे (बेअरिंग आत जिथे टेकते त्या पायरीचे) खोलीचे मापही आधी कागदावर लिहून ठेवावे, कारण तोंडावरून जितके काढाल तितकी बेअरिंगची बैठक उथळ होते आणि तेवढे पॅकिंग पुढे जुळवावे लागते.